वीत

१९८४. फैजपूर. आठवी ब.
चित्रकलेच्या तासाला झोपे सर
रंगपेटी उघडूच द्यायचे नाहीत.
आधी प्रश्न: कोण कोणाच्या हयातीत?

मागच्या भिंतीवर जन्मसालाचे खिळे.
प्रत्येक खिळ्यापासून आडवी ताणलेली
केळीच्या सोपटाची दोरी,
माणूस जगला तेवढीच लांब.
एक वीत म्हणजे दहा वर्षं.
वीत कोणाची?
वर्गातल्या सगळ्यात लहान पोराची.
म्हणजे माझी.

व्हॅन गॉग चार वितींनाही पुरला नाही.
पण बोरीबंदरची पहिली गाडी सुटली
तेव्हा तो सतरा दिवसांचा होता, सर म्हणाले,
आणि आम्ही सगळे भुसावळकडे बघायला लागलो,
जणू पाळणा तिकडेच कुठे हलत होता.

रविवर्मा गेला, आणि वीस दिवसांनी सेझान.
एकाच ऑक्टोबरात.
दोन खिळे लांब लांब,
पण दोऱ्या एकाच जागी संपलेल्या,
शिवेवर येऊन थांबलेल्या दोन बैलगाड्यांसारख्या.

अमृता शेरगिलला तीन विती लावल्या
तर सर माझी करंगळी मागे सरकवायचे.
"उगाच वाढवू नको रे. अठ्ठावीस."

आणि पंथांची नावं?
ठसेवाले, रानटी जनावरं, ठोकळेवाले:
सगळी कोणीतरी हिणवून ठेवलेली.
"चिडवलेलं नाव अंगाला चिकटतं," सर सांगायचे,
"आमचंच बघा ना, पिढ्यान्‌पिढ्या जागे, आणि आडनाव झोपे."
मागच्या बाकावर खरोखर झोपलेला टोपलू
तेवढ्यासाठी उठून हसायचा.

शगाल आणि दाली यांची टोकं मोकळी.
"हे आहेत अजून."
पुढच्या वर्षी पेपरात कोपऱ्यात इंचभर बातमी आली
आणि सर कात्री घेऊन वर्गात शिरले.
सत्त्याण्णव. जवळजवळ दहा विती.
मी भिंतीच्या कडेपर्यंत पोचलो होतो.

एकदा प्रश्न आला १९३६ चा.
त्या साली लंडनात दाली
पाणबुड्याचा पोशाख घालून भाषणाला उभा राहिला
आणि आत गुदमरला.
त्याच साली इथे, आपल्या शिवारात,
नंदलाल बोसांनी बांबू आणि चटयांचं
एक अख्खं गाव उभं केलं, काँग्रेससाठी.
मग चार महिन्यांनी गेर्निकावर बॉम्ब.

झाडू घेऊन दारात थांबलेल्या सुपडाबाई म्हणाल्या,
"बांबूचं गाव उठलं तवा मी परकरात व्हती, सर.
पानी भरे तिथं. कमान लई उच्ची व्हती."
"जन्म कधीचा तुमचा?"
"मले काय मालूम? कमानीवरून काढा तुम्ही."

सरांनी दोरी घेतली.
छत्तीसच्या जागी खडूनं खूण केली,
दोरीचा मधला भाग तिथे अडकवला
आणि दोन्ही टोकं सोडून दिली.
त्या दिवशी रंगपेट्या उघडल्याच नाहीत.

सर गेले. भिंतीला डिस्टेंपर आला,
नंतर पांढरा फळा, त्याला वायर.
शिपायानं दोऱ्यांचा गुंता माझ्या वखारीत आणून दिला,
सावद्याला, केळीचे घड मोजायच्या वेळेला.
चिठ्ठ्या गळालेल्या. कोण कुठला, कळेना.
फक्त एक दोरी कापलेली नव्हती,
एका टोकाला गाठ,
उरलेली तशीच गुंडाळून ठेवलेली,
गाठीखाली सरांच्या अक्षरात: झोपे, १९३१.

बाकीच्या मी वजनकाट्यावर पसरून
विती घातल्या, ओळख पटेल म्हणून.
ही अमृता असावी. पण दोनच विती भरल्या आणि चार बोटं.
हा व्हॅन गॉग? तीनही नाहीत.
हमाल घड घेऊन खोळंबले होते.
मी पुन्हा मोजलं, पुन्हा.
मग पंजा बघितला.

वीत मोठी झालीय माझी.
त्यामुळे सगळेच
थोडं थोडं कमी जगलेत.